चार युनिटचा टेम्पररी ब्रिज दोनदा तुटला – मटेरियल बदलू की डिझाइन?

सुळेदार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज स्वतःचंच अडलंय म्हणून लिहायला बसलो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

केस अशी आहे. खालचा उजवीकडचा ब्रिज (आधाराच्या दातांवर टेकवून मधली रिकामी जागा भरणारे जोडलेले दात), ४४ आणि ४७ क्रमांकाचे आधाराचे दात, मधले ४५ आणि ४६ नाहीत. ४६ नुकताच काढलाय त्यामुळे हिरडी आणि हाड नीट भरून येईपर्यंत फायनलला हात लावायचा नाही असं ठरलंय, म्हणजे टेम्पररीला किमान तीन महिने काढायचेत. मी नेहमीसारखं बिस-अ‍ॅक्रिल घेतलं (गनमधून मिसळूनच बाहेर येणारं रेझिन), गनने पुट्टी इंडेक्समध्ये (सिलिकॉनच्या पुट्टीच्या साच्यात) भरलं, बसवलं, काही मिनिटांत काम संपलं. रंग मस्त, मार्जिन (दाताला टेकणारी कड) मस्त, पेशंट खूश. अकराव्या दिवशी फोन, "डॉक्टर, मधूनच तुटलं हो". ४५ आणि ४६ च्या मधला कनेक्टर (दोन युनिटना जोडणारा भाग) सरळ चिरून दोन तुकडे. मी म्हटलं होतं असं कधीतरी, त्याच मटेरियलचा नवा करून दिला, वरून थोडा जाड ठेवला. सोळाव्या दिवशी परत तेच, या वेळी ४६-४७ च्या मधे.

दुसऱ्या वेळचे तुकडे मी फेकले नाहीत, लूप (डोळ्यांना लावायचं भिंग) लावून उजेडात बघितले. तुटलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत, कुठे वाकल्याची ताणल्याची खूणच नाही. आणि हिरडीकडच्या कडेला एक बुडबुडा दिसला, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान, आणि त्याच्यापासून बारीक बारीक रेषा पंख्यासारख्या वरच्या दिशेने पसरत गेलेल्या. म्हणजे चीर तिथून सुरू झाली हे तर उघड आहे.

आता माझा गोंधळ असा की माहितीपत्रकात बिस-अ‍ॅक्रिलची फ्लेक्सरल स्ट्रेंग्थ पावडर-लिक्विडवाल्या अ‍ॅक्रिलपेक्षा चांगली वरचढ दिलेली असते, मग जास्त ताकदीचं मटेरियल दोनदा का तुटावं? लांब ब्रिजला परत जुन्या पीएमएमएकडे, म्हणजे त्या पावडर-लिक्विडकडेच, जायचं का? ४४ ची नस जिवंत आहे आणि पावडर-लिक्विड तापतं, त्याची धास्ती वाटते. फायबर घालून काही होतं का? अनुभवी लोकांनी सांगा, पेशंटला तिसऱ्यांदा तेच सांगायला मला तोंड नाही.

---

पीजी_सेकंडइयर

सर, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे असं वाटतं. फ्लेक्सरल स्ट्रेंग्थ म्हणजे गुळगुळीत, बिनदोषाचा, नीट कापलेला तुकडा वाकवताना किती ताणाला तुटतो तो आकडा. तोंडातल्या ब्रिजमध्ये बुडबुडा असतो, बरने (घासायच्या फिरत्या टोकाने) पडलेला चरा असतो, दोन दातांमधली खाच असते. चीर एकदा सुरू झाल्यावर मटेरियल तिला किती अडवतं हा वेगळाच गुण आहे, त्याला फ्रॅक्चर टफनेस म्हणतात, आणि माहितीपत्रकात तो बहुतेक वेळा छापलेलाच नसतो.

आम्हाला शिकवताना मॅडमनी फार सोपं करून सांगितलं होतं. पीएमएमए म्हणजे लांबच लांब सुट्या दोऱ्यांचा गुंता. ओढला की दोरे एकमेकांवरून थोडे सरकतात, गुंता ताणला जातो, तुटायच्या आधी थोडं देतो. बिस-अ‍ॅक्रिलच्या रेणूला दोन्ही टोकांना हात असतात, त्यामुळे सेट होताना ते एकमेकांना पकडून जाळी विणतात, वर त्यात काचेचे बारीक कण भरलेले. म्हणून ते कडक, झिजेला चांगलं, आकार धरून राहणारं. पण जाळी सरकत नाही, तुटते. तुम्ही म्हणालात ना काचेसारखी गुळगुळीत बाजू, ती ठिसूळ तुटीचीच खूण.

कनेक्टरची उंची किती होती ते सांगाल का?

---

सुळेदार

आत्ता तुकड्यावर कॅलिपर लावून बघितली. जिथे तुटलं तिथे उंची २.५ मिमी भरली. मला तोंडात बघताना ३ च्या पुढे वाटत होती. हिरडीकडची जागा साफ राहावी म्हणून मी बरने तिथे जरा जास्तच खोल घेतलं होतं हे आता लक्षात येतंय.

---

खांब_आणि_तुळई

मी दातांचा डॉक्टर नाही, मटेरियल्सचं इंजिनियरिंग केलंय, घरात डेंटिस्ट आहे म्हणून हे धागे वाचत असतो. पण ही गोष्ट आमच्या पहिल्या वर्षाच्या तुळईच्या गणितातली आहे म्हणून न राहवून लिहितोय.

दोन टोकांना टेकू आणि मधे भार, अशी तुळई किती वाकते ते लांबीच्या घनावर अवलंबून असतं. एक पॉन्टिकचे (मधल्या, खाली दात नसलेल्या युनिटचे) दोन पॉन्टिक झाले म्हणजे अंतर दुप्पट, वाकणं दुप्पट नाही तर आठपट. तीन झाले तर सत्तावीसपट. तुम्ही एक पॉन्टिकच्या ब्रिजला जे मटेरियल बिनधास्त वापरता तेच इथे आठपट वाकायला लावलंय.

आता उंचीकडे बघा. वाकणं उंचीच्या घनाच्या उलट प्रमाणात कमी होतं आणि कडेचा ताण उंचीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात. २.५ च्या जागी ४ मिमी मिळाली तर ताण अडीच पटीने उतरतो, कडकपणा चौपट होतो, आणि मटेरियल तेच असतानाही. रुंदी वाढवून एवढा फायदा मिळत नाही, रुंदी दुप्पट केली तर ताण निम्मा इतकंच. तुम्ही दुसऱ्या वेळी 'वरून जाड' केलात असं लिहिलंय, पण चावा लागतो म्हणून वरचं परत घासलं असणार, आणि खालून बरने खाल्लेलं तसंच राहिलं.

बुडबुडा खालच्या कडेला होता हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वरून दाबलं की तुळईच्या मधल्या भागात वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. ठिसूळ वस्तू दाब खूप सोसतात, ताण सोसत नाहीत. हाच बुडबुडा वरच्या बाजूला असता तर कदाचित तीन महिने काही झालं नसतं. फायबर घालणार असाल तर म्हणूनच ते खालच्या, हिरडीकडच्या बाजूला जवळ घाला, मधोमध घातलेलं फायबर फक्त तुटलेले तुकडे एकत्र धरून ठेवायचं काम करतं.

---

जुनी_खुर्ची

खांब-तुळई साहेब, फार छान समजावलंत, हे आम्हाला कॉलेजात असं कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सुळेदार, मी तीस वर्षांच्या वर हे काम करतेय आणि माझं मत स्पष्ट आहे, एक-दोन युनिट आणि दोन-तीन आठवडे असतील तर बिस-अ‍ॅक्रिलसारखं सोयीचं काही नाही, पण लांब ब्रिज आणि महिन्यांची गोष्ट असेल तर पीएमएमए. तुटत नाही असं नाही, पण तुटलं तर दुरुस्त होतं. ब्रश लिक्विडमध्ये बुडवायचा, पावडरचा एक मणी उचलायचा, चिरेत ठेवायचा, परत एक. नवं लिक्विड जुन्या अ‍ॅक्रिलला वरच्यावर विरघळवून आत शिरतं आणि दोन्ही एकजीव होतात. बिस-अ‍ॅक्रिलची जाळी विरघळत नाही, तिथे खडबडीत करून बाँडिंग लावून फ्लोएबल कंपोझिट (दातात भरायचं पातळ रेझिन) भरावं लागतं आणि तो जोड मला कधीच पूर्ण भरवशाचा वाटला नाही, विशेषतः काही दिवस तोंडात राहून गेलेल्या तुकड्यावर.

उष्णतेबद्दल तुमची धास्ती अगदी योग्य आहे, कोणी सांगितलं काही होत नाही तरी ऐकू नका. झॅक आणि कोहेन यांचं १९६५ चं माकडांच्या दातांवरचं काम आजही सगळे सांगतात, नसेचं तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढलं तेव्हा साधारण १५ टक्के दातांची नस मेली. साडेपाच अंश म्हणजे काय हो, काहीच नाही. आणि पॉन्टिकचा गोळा मोठा असतो, जितकं मटेरियल जास्त तितकी उष्णता जास्त.

मी काय करते ते सांगते. मिश्रण चमचमतं, ओलं दिसतं तेव्हा भरत नाही, चमक गेली की भरते. इंडेक्सला पुट्टीच्या ऐवजी अल्जिनेट घेते, त्यात पाणी असतं, ते उष्णता ओढून घेतं, आणि व्हॅक्यूमने साच्यासारखी बसवलेली प्लास्टिकची शीट तर उष्णता धरून ठेवते म्हणून तापणाऱ्या मटेरियलला मी ती वापरत नाही. दातावर बसवल्यावर हाताच्या बोटाला कडेचं जादाचं मटेरियल धरून बसते. ते आधी कणकेसारखं मऊ, मग एकदम रबरासारखं होतं, चिमटीत दाबलं की परत फुगतं. बस, तोच क्षण. तेव्हा पूर्ण बाहेर काढायचं, वरून गार पाण्याचा फवारा, परत बसवायचं, परत काढायचं, असं तीन-चारदा. ऊब बोटाला जाणवायला लागायच्या आधी ते दातावरून निघालेलं असलं पाहिजे, शेवटचं घट्ट होणं बाहेर कोमट पाण्याच्या वाटीत. रबराच्या आधी काढलं तर आकार ओढला जातो आणि मार्जिन जाते, नंतर काढायला गेलात तर अंडरकटमध्ये (दाताच्या आत वळलेल्या भागात) अडकतं. तो वेळ मिनिटांत सांगता येत नाही, खोली गरम असेल तर लवकर येतो, बोटालाच कळतो.

माझ्या हातून एकदा घडलेली चूक पण लिहिते, कोणाची तरी वाचेल. रूट कॅनाल झालेल्या दाढेवर कंपोझिटचा कोअर बिल्डअप (कॅपच्या आधारासाठी दाताची भर) केला आणि तसाच, पाच मिनिटांत, वर टेम्पररी घेतली. ताज्या कंपोझिटच्या पृष्ठभागावर हवेमुळे न सेट झालेला चिकट थर असतो, टेम्पररीचं रेझिन त्यालाच जाऊन चिकटलं. निघेना म्हणजे निघेना. शेवटी कापून काढली, त्यात कोअरचा कोपरा गेला. तेव्हापासून कोअर पुसून घासून वर व्हॅसलीनचा पातळ हात, मग टेम्पररी. न चुकता.

---

गनवाला

जुनी_खुर्ची मॅडमचा आदर आहे पण बिस-अ‍ॅक्रिलची बाजू पण मांडली पाहिजे. आकुंचनाचं कोणी बोललंच नाही. नुसतं एमएमए मोनोमर (पावडर-लिक्विडमधलं लिक्विड) सेट होताना आकारमानाने २१ टक्के आकसतं, आधीच पॉलिमर झालेली पावडर मिसळून ते सुमारे ७ टक्क्यांवर येतं, तरी मार्जिनला ७ टक्के म्हणजे कमी नाही, म्हणूनच पावडर-लिक्विडची कॅप परत रीलाइन करावी (आतून नवा थर भरून नीट बसवावी) लागते. बिस-अ‍ॅक्रिलचे रेणू मोठे, त्यात फिलर, त्यामुळे ते कमी आकसतं आणि तापतंही कमी. वास नाही, हिरडी झोंबत नाही. जिवंत नसेच्या दाताला मी अजूनही तेच घेतो.

आणि तो बुडबुडा मटेरियलचा दोष नाही, भरण्याचा आहे. सुळेदार, राग मानू नका पण टीप मटेरियलमध्ये बुडवून ठेवून तळापासून भरत आलात का, की वरून धार सोडलीत? टीप वर उचलली की हवा अडकलीच. दुसरं, नवीन टीप लावायच्या आधी काडतुसातून दोन्ही तोंडांनी सारखं येतंय ना ते थोडं दाबून बघायचं. बऱ्याच काडतुसांत बेस आणि कॅटॅलिस्ट दहास एक असतं, त्या एकाच्या तोंडाला गुठळी अडकली तर मिश्रण बाहेरून सेट दिसतं आणि आतून कच्चं राहतं.

अजून एक, पहिल्या दिवशी त्या बाजूने चावू नका हे पेशंटला सांगितलं होतंत का? दहा मिनिटांनी त्याची जी ताकद असते ती दुसऱ्या दिवशीच्या ताकदीच्या बरीच खाली असते, जाळी अजून विणली जात असते.

---

सुळेदार

राग कसला, याच्यासाठीच विचारलंय. टीप मी दर दाताला उचलत होतो, खरंय. आणि पहिल्या दिवसाचं मी सांगितलं नव्हतं, चिकट काही चावू नका एवढंच सांगितलं होतं.

---

दुखरी_दाढ

मी पेशंट आहे, डॉक्टर लोकांच्या धाग्यात शिरतेय, चालत असेल तर एक विचारते. माझी टेम्पररी कॅप मागच्या वर्षी निघाली, दुखत नव्हतं म्हणून मी तशीच ठेवून दिली तीन आठवडे. नंतर फायनल कॅप बसेना, डॉक्टरांनी परत माप घेतलं. मला तेव्हा वाटलं लॅबने चूक केली. टेम्पररी नसल्यामुळे असं होऊ शकतं का? आणि माझ्या टेम्पररीला दोन महिन्यांत पिवळसर झाक आली होती, ते मटेरियल हलकं होतं म्हणून का?

---

जुनी_खुर्ची

ताई, चालतं काय, अवश्य विचारा, तुमच्यासारखे विचारतात म्हणून आम्हाला पण नीट मांडावं लागतं.

हो, होऊ शकतं, आणि बहुधा तेच झालं असणार. दात जागचे जागी राहतात ते शेजारचे आणि समोरचे दात त्यांना धरून ठेवतात म्हणून. कॅपसाठी दात घासला की वर जागा मोकळी, आजूबाजूला जागा मोकळी. समोरचा दात हळूच त्या जागेत उतरतो, शेजारचे कलतात, हिरडी मार्जिनवर चढते. तीन आठवड्यांत अगदी थोडा फरक पडतो पण कॅपचं माप असतं मिलिमीटरच्या बारीक भागांत, तेवढ्याने ती बसत नाही. टेम्पररीचं निम्मं काम हे जागा धरून ठेवण्याचंच असतं. म्हणून निघाली की दुखो न दुखो, त्याच दिवशी फोन करायचा, आणि ती कॅप फेकायची नाही.

पिवळेपणाचं पीजी सांगेल, त्यांचा अभ्यास ताजा आहे.

---

पीजी_सेकंडइयर

धन्यवाद मॅडम. दुखरी_दाढ ताई, हलकं मटेरियल म्हणून नाही. रंग दोन प्रकारे बदलतो, आतून आणि बाहेरून.

आतून म्हणजे, सेल्फ क्युअर रेझिन सुरू व्हायला बेंझॉइल पेरॉक्साइड आणि एक अमाइन लागतं, ते अमाइन कालांतराने ऑक्सिडाइज होऊन पिवळसर पडतं, त्याला कोणी काही करू शकत नाही. बाहेरून म्हणजे रंग सोडणारे पदार्थ आणि पेयं. बिस-अ‍ॅक्रिलचे रेणू पाण्याला जास्त जवळ करणारे असतात त्यामुळे पाण्याबरोबर रंगही आत ओढला जातो, पीएमएमए त्या मानाने रंग चांगला धरून ठेवतं. पण मटेरियलपेक्षाही पॉलिशचा फरक जास्त दिसतो. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की जंतूंचा थर तिथे जास्त धरायला लागतो, आणि जिथे थर तिथे डाग. बिस-अ‍ॅक्रिलवर सेट झाल्यावर हवेमुळे एक चिकट थर राहतो, तो अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून टाकायचा असतो, घाईत तो राहिला तर डाग पहिल्याच आठवड्यात.

त्याच चिकट थराची दुसरी खोड सुळेदार सरांसाठी लिहून ठेवते. टेम्पररी करून मग त्याच बैठकीत अ‍ॅडिशन सिलिकॉनने (माप घ्यायच्या मटेरियलने) फायनल माप घेतलं तर दातावर राहिलेला रेझिनचा अंश सिलिकॉनला नीट सेट होऊ देत नाही, नेमका मार्जिनवर माप ओलं, चिकट येतं. प्रेप (घासून तयार केलेला दात) आधी अल्कोहोलने पुसून धुऊन घ्यायचा, किंवा माप आधी आणि टेम्पररी नंतर. आमच्या विभागात असं माप तीनदा घेतलेलं मी समोर उभं राहून पाहिलंय, तिन्ही वेळा हातमोज्यांना दोष दिला गेला. लेटेक्सचे मोजे पुट्टीला त्रास देतात ते खरंच आहे, पण त्या दिवशी मोजे नायट्राइलचे होते.

सिमेंटचंही लक्षात ठेवा सर. युजेनॉलवालं (लवंगेच्या तेलातल्या घटकाचं) सिमेंट नसेला शांत करतं पण युजेनॉल रेझिनचं सेट होणं अडवतं आणि झालेल्या अ‍ॅक्रिलला मऊ पाडतं. रीलाइन करायचं असेल किंवा फायनल रेझिन सिमेंटने चिकटवायचं असेल तर नॉन-युजेनॉल घ्या.

---

लॅबमधला

धागा उशिरा बघितला. माझं काम लॅबचं, त्यामुळे मी दुसऱ्या टोकाकडून सांगतो.

सुळेदार डॉक्टर, तुमचा प्रश्न पावडर-लिक्विड की गन असा दोघांतच का अडकलाय? तोंडात पूर्ण सेट व्हायची गरजच नाही. प्रेपच्या आधीच्या मॉडेलवर दात थोडे घासून मी पीएमएमएचं पातळ कवच करून देतो, त्याला शेल म्हणतो आम्ही. ते प्रेशर पॉटमध्ये कोमट पाण्यात साधारण २ बार दाबाखाली सेट होतं. दाबामुळे बुडबुडे बारीक होऊन जातात, आणि कच्चं मोनोमर पण कमी राहतं. उघड्यावर सेट केलेला तुकडा आणि पॉटमधला तुकडा कापून शेजारी ठेवा, पहिला धुरकट दिसतो, दुसरा काचेसारखा. मग तुम्ही प्रेप झाल्यावर त्या शेलच्या आत थोडंसं पावडर-लिक्विड घेऊन दातावर रीलाइन करायचं. तोंडात सेट होणारं मटेरियल एक पातळ थर फक्त, म्हणजे आकुंचन पण तेवढंच, उष्णता पण तेवढीच. पॉन्टिकचा गोळा आधीच घट्ट झालेला.

त्याच्या वरची पायरी म्हणजे मिल केलेलं पीएमएमए. कारखान्यात दाब आणि उष्णतेखाली सेट झालेली चकती, तिच्यातून यंत्र ब्रिज कोरून काढतं. आत पोकळी जवळपास नाही, कच्चं मोनोमर अगदी कमी, दातावर आकसायचा प्रश्नच नाही. महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर मी तेच सुचवतो. फक्त एक, ते इतकं पूर्ण सेट झालेलं असतं की रीलाइनचं अ‍ॅक्रिल त्याला सहज धरत नाही, आतून सँडब्लास्ट करून मोनोमरचा हात लावून थोडा वेळ द्यावा लागतो. घाई केलीत की आतला थर सालीसारखा सुटतो.

थ्रीडी प्रिंटवाले पण आता खूप आलेत. चांगलं येतं, पण प्रिंट झालं म्हणजे झालं असं नाही. अल्कोहोलमध्ये धुणं आणि नंतरचं प्रकाशात पक्कं करणं, यातलं एक जरी अर्धवट राहिलं तरी तुकडा कच्चा राहतो. आणि थर कुठल्या दिशेने चढलेत त्यावर ताकद बदलते, चीर थरांच्या जोडावरून पळते. लांब ब्रिज प्रिंट करताना लॅबला ही दिशा विचारून घ्या.

तार घालून द्या असं बरेच डॉक्टर सांगतात. मी देतो, पण मनापासून नाही. धातूला अ‍ॅक्रिल चिकटत नाही, तारेभोवती फट राहते आणि चीर कधीकधी तिथूनच सुरू होते. तुटल्यावर तुकडे लोंबत राहतात, गिळले जात नाहीत, एवढा फायदा आहे तारेचा. रेझिनने भिजवलेलं काचेचं फायबर त्यापेक्षा बरं, ते रेझिनला धरतं. कोरडं फायबर मात्र घालू नका, न भिजलेला भाग म्हणजे आत मुद्दाम ठेवलेली पोकळी.

---

खांब_आणि_तुळई

लॅबमधला दादा, थरांच्या दिशेचं अगदी बरोबर. लाकूड तंतूंच्या बाजूने सहज चिरतं आणि आडवं तोडायला कष्ट पडतात, तसंच.

एक शंका, एथिल मेथाक्रिलेटचं पण अ‍ॅक्रिल मिळतं ना, ते कमी तापतं असं घरी ऐकलंय. मग नसेच्या धास्तीवर ते का नको?

---

जुनी_खुर्ची

कमी तापतं, कमी झोंबतं, रबराची अवस्था पण लांब टिकते त्यामुळे शिकणाऱ्यांना हाताळायला फार सोपं. पण ताकद कमी, झीज जास्त, रंगही लवकर जातो. पीएमएमए मऊ पडायला १०५ अंशांच्या आसपास जावं लागतं, पॉलिएथिल मेथाक्रिलेट ६५ च्या आसपासच, शरीराच्या तापमानाच्या तेवढं जवळ, म्हणून ते तोंडात मुळातच मऊ. एका कॅपच्या आतून रीलाइनला मी आवडीने वापरते. दोन पॉन्टिकच्या ब्रिजला नाही.

---

कोरा_कागद

छान धागा. मोनोमरबद्दल एक वाक्य जोडतो, लॅब आणि क्लिनिकमधल्या सगळ्यांसाठी, हातमोजे घातलेत म्हणून निर्धास्त राहू नका. एमएमए लेटेक्स आणि नायट्राइल दोन्हीतून काही मिनिटांत आरपार जातं. माझ्या बोटांची टोकं दोन वर्षं फाटत होती, मी साबण बदलत बसलो, शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली तेव्हा कळलं. आता लिक्विड ब्रशनेच, बोट लावायचं नाही, सांडलं तर मोजे लगेच बदलायचे, आणि खिडकी उघडी.

---

सुळेदार

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काय केलं ते सांगायला अकरा आठवड्यांनी परत आलोय, उशीर झाला, पण आधी येऊन सांगण्यासारखं हातात काही नव्हतं.

लॅबकडून पीएमएमएचं शेल प्रेशर पॉटमधलं करून घेतलं. दोन्ही पॉन्टिकमधला कनेक्टर ४ मिमी ठेवायला सांगितला, आणि ४७ च्या बाजूचा ३.५ वर थांबला कारण तिथे दाताची उंचीच कमी आहे. हिरडीकडची जागा साफ राहावी म्हणून या वेळी बरने उंची खाल्ली नाही, ती खाच बाहेरून, गालाच्या आणि जिभेच्या बाजूने मोकळी केली, इंटरडेंटल ब्रश जातो की नाही ते पेशंटलाच आरसा देऊन करायला लावलं. खालच्या अंगाला भिजवलेलं काचेचं फायबर, पॉन्टिकच्या तळापासून जेमतेम एक मिमी वर. रीलाइन तोंडात केलं, जुनी_खुर्ची मॅडमनी सांगितल्याप्रमाणे बोटात कडेचा तुकडा धरून बसलो. पहिल्यांदा तो क्षण माझा चुकला, जरा लवकर काढलं, ४४ ची मार्जिन ओढली गेली, ती परत भरून घेतली. दुसऱ्यांदा कळला. चिमटीत दाबल्यावर परत फुगतं म्हणजे काय ते नुसतं वाचून कळत नाही. ४४ ला गार फवारा चालूच होता, त्या दाताला नंतर ठणक नाही, गार लागल्यावरचा प्रतिसादही पहिल्यासारखाच येतोय. सिमेंट नॉन-युजेनॉल, पहिल्या दिवशी त्या बाजूने काही चावायचं नाही हे लिहूनच दिलं.

सहाव्या आठवड्यात हिरडी बघायला म्हणून ब्रिज मुद्दाम काढला. ४६ च्या जागची हिरडी पॉन्टिकच्या आकाराची छान खोलगट झालीय, लाल नाही, रक्त नाही. लूपखाली कनेक्टर बघितले तर ४६-४७ च्या तळाशी केसासारखी एक रेष होती, फायबरपर्यंत येऊन थांबलेली. ती बारीक बरने उघडली, ब्रशने चार-पाच मणी घातले, कोमट पाण्यात टाकून ठेवलं, पॉलिश करून त्याच बैठकीत परत चिकटवला. काल परत काढून बघितला, त्या जागी जोड कुठे आहे ते आता मला सुद्धा शोधावं लागलं.

पुढच्या आठवड्यात फायनल माप घेतोय. पीजी, प्रेप अल्कोहोलने पुसून घ्यायचं चिठ्ठीवर लिहून ट्रेला चिकटवलंय.